मालवीय नगरच्या चौकातल्या दोघी

आमच्या घरी मातीला कधी तोटा नव्हता, भाकरीला होता. कऱ्हाडच्या अलीकडे नदीकाठी आमचं गाव. आमचे वडील, आबा, मडकी करायचे. गावाला मडक्यांची गरज होती तोवर सुगीला दारात दाणे यायचे. मग घरोघरी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आली, त्यांच्या मागोमाग प्लास्टिकच्या घागरी आल्या, आणि आबांची मडकी फक्त मयताला आणि लग्नाला लागायला लागली. माणसं रोज मरत नाहीत आणि रोज लग्नंही करत नाहीत. चिंचेच्या पाण्यात भाकरी बुडवून खाल्लेली मला आठवते. अक्का चौथीत पहिली आली त्याच वर्षी आबांनी तिला शाळेतून काढलं, कारण माती तुडवायला माणूस हवं होतं. दोन वर्षांनी माझ्यावर तीच वेळ आली तेव्हा अक्का आबांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "कुसीचं पाय बारीक हायती. तिच्या वाटची माती मी तुडवती." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढं शिकले. आमच्या सगळ्या भावकीत पदवीचा कागद हातात घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार. पण तो कागद कुणाच्या पायांवर उभा आहे, ते मला ठाऊक आहे.

ती अक्का, सुलोचना कुंभार, गेली त्याला आता सात आठवडे झाले. मी तेव्हा विमा कंपनीच्या अजमेरच्या शाखेत बदलीवर होते. दुपारी जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात शिपाई म्हणाला, "मैडम, जयपुर से फ़ोन है." फोनवर दाजी होते. अक्काचे यजमान बोलायला आधीच कमी. ते एवढंच म्हणाले, "कुसुम, ये." मी विचारलं, "दवाखान्यात आहे का?" तर म्हणाले, "न्हाई. घरीच हाय." त्या "घरीच हाय"चा अर्थ मला बसमध्ये बसल्यावर कळला... छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेली. अठ्ठावीस वर्षांची होती.

आदल्याच रविवारी मी तिच्याकडे जाऊन आले होते. माझ्या बदलीच्या गावची वांगी चांगली नाहीत म्हणून तिनं पिशवीभर वांगी बांधून दिली होती. निघताना मी म्हणाले होते, "या महिन्यात आणखी एक अर्ज टाकते." ती म्हणाली होती, "टाक बाई. तुझ्या हाताला तेवढंच काम." हे आमचं शेवटचं बोलणं. तो अर्ज कसला, ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. जयपूरच्या एका हिंदी वर्तमानपत्रात तिच्या मृत्यूची चार ओळींची बातमी आली, त्यात तिला एका मोठ्या कलावंताची 'सहायिका' म्हटलं आहे. इकडे, आपल्या भाषेत तरी, खरं छापून यावं.

दाजी जयपूरच्या लष्करी वर्कशॉपात वेल्डर होते, सिव्हिलियन नोकरीत, त्यामुळे त्यांची बदली होत नसे. लग्नानंतर अक्का तिथल्या सोडाला वस्तीतल्या दोन खोल्यांत आली आणि मी मॅट्रिक झाल्यावर तिनं मलाही बोलावून घेतलं. "हितं कॉलेज हाय, सायकलीवर जाता येतंय," एवढं तिचं पत्र. जयपुरात तेव्हा आपली माणसं बरीच होती, फौजेतली, बँकेतली, विम्यातली. दर भाद्रपदात त्यांची एकच रड असायची, की इथं आपल्यासारखा गणपती मिळत नाही. पहिल्याच वर्षी अक्कानं विचारलं, "माती कुठली मिळती हितं?" मग ती शहराबाहेरच्या कुंभारवाड्यात गेली. तिथल्या बायकांची भाषा तिला येत नव्हती आणि हिची त्यांना. पण हिनं चाकाजवळचा गोळा उचलला, अंगठ्यानं दाबला, जिभेला लावला, आणि नाक मुरडलं. त्या हसल्या आणि घराच्या मागून दुसरी माती काढून दिली. कुंभारणीला कुंभारीण ओळखायला भाषा कशाला लागते? त्या वर्षी अक्कानं अकरा गणपती केले. डोळे ती सगळ्यांत शेवटी, सकाळी अंघोळ करून, कुणाशी न बोलता करायची. बँकेतल्या एका साहेबांच्या बाई म्हणाल्या, "सुलोचनाबाई, खाली तुमचं नाव तरी घाला." अक्का दचकलीच. "अवो बाई, पाण्यात जायाच्या मूर्तीवर माझं नाव कशाला? आन् देव काय माझा हाय व्हय?" आमच्यात ही रीतच आहे. मडकं ज्याच्या घरी जातं त्याचं होतं, मूर्ती ज्याच्या देव्हाऱ्यात बसते त्याची. कुंभार नाव घालत नाही. आबांनी घातलं नाही, आज्यानं घातलं नाही. या रीतीनं पुढं आमचा घात केला.

ऐंशी सालानंतर जयपूर बाहेर पसरायला लागलं. मालवीय नगरसारख्या नव्या वस्त्या आखल्या गेल्या, रस्ते रुंद झाले, आणि रस्ते जिथं मिळतात तिथं गोल चक्करं आली. गोल चक्कर रिकामं कसं ठेवायचं? म्हणून शहराच्या सुशोभनाची एक समिती नेमली. तिचं खरं नाव मी लिहीत नाही. समितीत एक अध्यक्ष, एक सचिव, रस्त्यांचे इंजिनिअर, बागांचे अधिकारी, आणि शोभेला एक कलातज्ज्ञ. यांचं काम चालायचं ते असं. एका बैठकीत चौक ठरायचा, दुसऱ्या बैठकीत त्यात काय उभं करायचं ते, तिसरीत उद्घाटनाला कोण. कोण बनवणार, हा प्रश्न बहुतेक तिसरीनंतर यायचा. एका चौकात मोर आला, एकात उंट, एकात पृथ्वीचा गोल. गोलाला निळा रंग द्यायचा राहिला आणि तो पिवळाच उभा राहिला, तर रिक्षावाल्यांनी वर्षभर त्या जागेला 'लड्डू चौराहा' म्हटलं.

समितीचे ते कलातज्ज्ञ एका कॉलेजात कला शिकवायचे. सगळे त्यांना प्रोफेसरसाहेब म्हणत. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे, आणि भीती तर मुळीच नाही. ते नाव सहा वर्षं चुकीच्या जागी दगडात कोरलेलं होतं, तेवढं त्याला पुष्कळ झालं.

मालवीय नगरच्या एका चौकात पाणी वाहणारी बाई उभी करायची ठरली. प्रोफेसरांनी कागदावर चित्र काढून दिलं, कॅलेंडरवर असते तशी, कमरेत वाकलेली, डोक्यावर घडा, ओठांवर हसू. पण ते काही स्वतः सिमेंटात हात घालणारे नव्हते. सचिवांच्या पत्नीनं आमच्या मराठी मंडळाचा, अक्कानं केलेला गणपती पाहिला होता, तिनं अक्काचं नाव सुचवलं. प्रोफेसर आमच्या खोलीवर आले, चित्र दाखवलं, आणि म्हणाले, "बहनजी, इसका छोटा नमूना मिट्टी में बना दीजिए." अक्कानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "ह्या बाईनं भरलेली घागर डोईवर घेतली कशी? एकटीला चढत न्हाई ती. कुणीतरी हात द्यावा लागतो. आन् वझं घेतल्यावर कोण हसतंय गं?" तिनं चार दिवसांत नमुना केला, त्यात दोघी होत्या. एक खाली वाकून घागर वर देते आहे, दुसरी मान ताठ करून ती घ्यायला हात पुढं करते आहे, आणि घागर अजून दोघींच्या मधे आहे. ना हिच्या डोक्यावर, ना तिच्या हातात. दोघींपैकी कुणी हसत नव्हतं, पण पाहणाऱ्याला श्वास धरावासा वाटे.

समितीनं तो नमुना एका बैठकीत मंजूर केला. बैठकीत तो प्रोफेसरांनी नेला. अक्काला बोलावणं नव्हतं.

मग सात महिने काम चाललं. चौकातच बांबूचा आडोसा केला होता. दाजी सुटीच्या दिवशी येऊन सळया आणि पाइप जोडून सांगाडा करायचे, त्यावर तारेची जाळी, आणि जाळीवर अक्काचा हात. सिमेंट मातीसारखं वागत नाही, ते वाट बघत नाही. पहिला महिना तिची बोटं सोलून निघाली, मग तिनं त्यालाही वळण लावलं. मधली घागर मात्र अडली. दोन हातांवर तेवढं भरीव वजन पेलेना, दाजींनी दोनदा सांगाडा बदलला तरी ती खाली झुके. एका सकाळी अक्का कुंभारवाड्यात जाऊन मोठा माठ घेऊन आली, चांगला भाजलेला, वाजवून पारखलेला. तो तिनं सांगाड्यात बसवला आणि त्याच्यावरून दोन बोटं जाड सिमेंट चढवलं. म्हणजे आत खरा माठ, वरून सिमेंट. वजन निम्म्याहून कमी झालं. हे ठाऊक होतं अक्काला, दाजींना, मला आणि गिलावा मळून देणाऱ्या हरजी मिस्त्रींना. प्रोफेसर सात महिन्यांत सहा वेळा आले. मी मोजले आहेत. दर वेळी आडोशाबाहेर स्कूटर उभी करायचे, न उतरता बघायचे, आणि "बढ़िया, बढ़िया" म्हणून जायचे.

शेवटच्या दिवशी वाकलेल्या बाईच्या पायाजवळचं सिमेंट ओलं होतं. हरजी मिस्त्री म्हणाले, "बहनजी, नाम लिख दो. सब लिखते हैं." मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मी चटकन खिळा उचलला आणि अक्काकडे बघितलं. ती हसली. "ठेव गं तो खिळा. रस्त्यावरच्या लोकांची हाय ती आता." मी खिळा खाली ठेवला. शिकलेली मी होते, कागदाची आणि अक्षराची किंमत कळायला हवी होती ती मला. तिची ती रीत होती, माझा तो मूर्खपणा होता. हे मी कुणावर ढकलत नाही.

अनावरणाला मंत्री आले. मांडव, शहनाई, गुलाबपाणी. अक्का नवं लुगडं नेसून आली होती, पण दोरीच्या आत जायला तिच्याकडे कार्ड नव्हतं, म्हणून ती, दाजी आणि मी मजुरांबरोबर दोरीच्या बाहेर उभे. पडदा सरकला. टाळ्या वाजल्या. मागच्या एका म्हातारीनं "देख, अभी छूट जाएगा" म्हणून हात पुढं केला, इतकी ती घागर खरी दिसत होती. अक्काचा चेहरा मी तेव्हा बघितला. तसा मी तो पुन्हा कधी पाहिला नाही. मग आम्ही चौथऱ्याजवळ गेलो. संगमरवरी पाटीवर मंत्र्यांचं नाव होतं, अध्यक्षांचं, सचिवांचं, दोन इंजिनिअरांचं, चौथरा बांधणाऱ्या कंत्राटदाराचं. आणि खाली ठळक अक्षरात, 'मूर्तिकार', पुढं प्रोफेसरांचं नाव. अक्कानं बोटानं एकेक अक्षर लावून वाचलं. हिंदी वाचायला तिला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर म्हणाली, "चल, भात टाकायचाय."

मी नाही गेले. मी सरळ प्रोफेसरांपुढं उभी राहिले. त्यांच्याभोवती हार घातलेली माणसं होती. मी म्हणाले, "सर, यह मेरी बहन ने बनाई है. आपने तो सीमेंट को हाथ भी नहीं लगाया." त्यांनी माझ्याकडे, मग लांब उभ्या अक्काकडे बघितलं, आणि हसत हसत म्हणाले, "बेटी, मिट्टी तो कुम्हार का गधा भी ढोता है. मूर्ति दिमाग़ से बनती है." सगळे हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसाचं नाव त्या दगडावरून मी उतरवणार. कॉलेजातल्या इतर मुलींनी नवरे ठरवले, नोकऱ्या ठरवल्या. मी हे ठरवलं.

पहिला अर्ज मी पदवीचा निकाल लागला त्या आठवड्यात टाकला. नोकरीत लागल्यावर मला एक विद्या कळली, की अर्ज देणं महत्त्वाचं नाही, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेणं महत्त्वाचं. दर वर्षी एक अर्ज आणि त्याची शिक्क्याची प्रत. उत्तर यायचं, ते दर वर्षी तेच: "समिति के पास कोई लिखित प्रमाण उपलब्ध नहीं है." अक्का माझी थट्टा करायची. "कुसे, तुझ्या अर्जांचा एक पुतळा करू या. कागदाचा." तिचं दुःख वेगळंच होतं. कुणी मोठा माणूस त्या रस्त्यानं जायचा असला, की समितीचा रंगारी येऊन दोघींवर रंग मारून जायचा. एकदा चंदेरी, एकदा सोनेरी, एकदा तर घागर लाल आणि ओढण्या हिरव्या. थरावर थर बसून डोळे बुजत चालले होते. मग रविवारी ती रॉकेलची बाटली, चिंधी आणि दाभण घेऊन बसनं मालवीय नगरला जायची, चौथऱ्यावर चढायची, आणि दोघींचे डोळे मोकळे करायची. चौकीदार ओरडायचा, "ऐ बाई, उतर! सरकारी मूर्ति है!" ही वरून म्हणायची, "भैया, दो मिनट. इनको दिखता नहीं." नावासाठी ती कधी त्या समितीच्या दारात गेली नाही. डोळ्यांसाठी दर महिन्याला चौकात जायची.

अनावरणानंतर चार वर्षांनी गोल चक्कर लहान करायचं निघालं. गाड्या वाढल्या होत्या, दोघींना उचलून रस्त्याच्या कोपऱ्यात न्यायचं ठरलं. उचलायचं तर आत काय आहे ते कळायला हवं. समितीनं प्रोफेसरांना विचारलं, आणि त्यांनी, स्वतःच्या सहीनिशी, आतला नकाशा काढून दिला. आत भरीव काँक्रीट, घागरीतून आरपार जाड लोखंडी पाइप, सबब साखळी घागरीला बांधून उचलावं. काम ज्या तरुण इंजिनिअरकडे होतं ते शेखावतजी होते, मोठा नेक माणूस. त्यांनी फाइल चाळली तर त्यात माझे सगळे अर्ज निघाले. एका संध्याकाळी ते आमच्या खोलीवर आले, चहा घेतला, नकाशा पसरला आणि अक्काला विचारलं, "बहनजी, सच बताइए, अंदर क्या है?"

अक्कानं नकाशा बघितला आणि हातातली बशी खाली ठेवली. ती तोंड उघडणार तोच मी मधे पडले. "सर, हम सोचकर बताएँगे." ते गेल्यावर मी तिला म्हणाले, "सांगायचं नाही. त्याच्या सहीनं उचलू दे. घागर फुटेल, आतला माठ दिसेल, सगळं जयपूर बघेल. मग कळेल कुणाचं दिमाग आणि कुणाचं गाढव." मी खरंच तसं म्हणाले. मला तेव्हा तेच हवं होतं.

अक्का माझ्याकडे वळली. "फुटू दे म्हणतीस? माझ्या पोरी हायत्या त्या."

"तुझ्या कुठं? दगडावर बघ कुणाच्या लिहिल्यात!"

"दगडाला काय कळतंय?" आमच्या आयुष्यात आम्ही एवढ्या मोठ्यानं कधी भांडलो नव्हतो. दाजी उठून बाहेर गेले. शेवटी अक्का म्हणाली, "मी सांगणार. पण तुझ्यासाठी एवढं करती, हितं न्हाई सांगत. तितं जाऊन, समद्यांच्या म्होरं सांगती."

ठरल्या दिवशी आम्ही चौकात गेलो. क्रेन आली होती, समितीचे लोक होते, बघे होते, आणि छत्रीखाली खुर्चीवर प्रोफेसर बसले होते. साखळी घागरीभोवती गुंडाळायला माणूस शिडी चढला, तेवढ्यात अक्का पुढं झाली. "साब, रुको." तिनं शिडी मागितली, वर गेली, आणि मडकं विकत घेताना बाई जशी बोटाच्या मागच्या बाजूनं वाजवून बघते, तशी ती घागर वाजवली. ठण्ण आवाज आला. जयपुरात उन्हाळ्याला माठ विकत घेतला नाही असा माणूस नाही. तो आवाज सगळ्यांना कळला. बघ्यांतून कुणीतरी म्हणालं, "अरे, यह तो मटका है!" शेखावतजींनी शिडी चढून स्वतः वाजवलं, पुन्हा वाजवलं.

प्रोफेसर खुर्चीतूनच म्हणाले, "हवा रह गई होगी. सीमेंट में रह जाती है."

अक्का तिच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "हवा नहीं साब. मटका है, पक्का मटका. काठ के नीचे दो उँगल छोड़ के छिन्नी मारो, लाल दिखेगा." हरजी मिस्त्री तिथंच होते, त्यांनी छिन्नी घेतली आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला चार घाव घातले. सिमेंटचा टवका निघाला आणि आत भाजलेल्या मातीचा लालभडक रंग दिसला. साखळी तिथं आवळली असती तर माठ चुरा झाला असता आणि दोघींचे हात खांद्यातून गेले असते. मी छत्रीजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरुजी, मिट्टी गधा ढोता है, सही बात. पर गधे को मालूम रहता है कि पीठ पर क्या रखा है." त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अजूनही आठवलं की बरं वाटतं. अक्का मात्र परत येताना बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. सोडाला आल्यावर एवढंच म्हणाली, "म्हातारा माणूस हाय तो."

अक्काच्या सांगण्यावरून दोघींना पायाखालच्या पाइपांतून दोर घालून, गोणपाटात गुंडाळून उचललं. एक टवका उडाला नाही. शेखावतजींनी सगळं टिपणीत लिहिलं, सचिवांनी मान डोलावली, आणि दगड मात्र होता तसाच नव्या चौथऱ्याला बसवला. का? तर कोरलेलं नाव बदलायचं असेल तर 'पूर्व में अंकित मूर्तिकार की लिखित सहमति' हवी. म्हणजे चोरानं लिहून द्यायचं, की माल परत घ्या! दोन वर्षं मी त्या सहीच्या मागे होते. रजिस्टर पत्रं परत आली, भेटायला गेले तर साहेब घरी नसायचे. तो कागद, फक्त सही बाकी असलेला, मी पर्समध्ये घेऊन हिंडायचे. आणि मधेच अक्का गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची खोली माणसांनी भरली होती. मंडळातल्या बायका, वर्कशॉपातले लोक, कुंभारवाड्यातल्या त्या बायका तोंडावर पदर घेऊन. दारात स्कूटर थांबली. प्रोफेसर आले होते, हातात झेंडूचा मोठा हार, आणि बरोबर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. "मेरी शिष्या थी," ते दाजींना म्हणाले, आणि चप्पल काढायला वाकले.

मी उंबऱ्यात उभी राहिले. म्हणाले, "चप्पल रहने दीजिए. पहले यह." पर्समधून कागद काढून त्यांच्यापुढं धरला.

"बेटी, यह कोई समय है?"

"आपके पास दो साल से समय नहीं था. आज है. और फ़ोटो भी खिंच जाएगी." फोटोग्राफरकडे वळून मी म्हणाले, "भैया, हस्ताक्षर करते समय लीजिए. अच्छी आएगी."

कुंभारवाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, रामप्यारीजी, तिनं पदर मागे सारला आणि म्हणाली, "कर दे, बाबूजी. मरी हुई का तो मत खा." त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. मी कागदाखाली धरायला पाट दिला. सही झाली. तारीख घालायला लावली. मग मी बाजूला झाले. पण ते आत आले नाहीत. हार दाजींनी घेतला, मी हात लावला नाही. अक्का असती तर तिनं त्यांना आधी पाणी विचारलं असतं, हे मला माहीत आहे. ती अक्का होती. मी नाही.

परवा तिच्या खोलीत आवराआवर केली. खिडकीच्या आतल्या कठड्यावर मातीचे कान ओळीनं मांडलेले सापडले, बोटाएवढे, पंधरा-वीस. दाजी म्हणाले, भाजी शिजेपर्यंत ती बसल्या बसल्या कान करायची, आमच्याकडे आलेल्या माणसांचे. एक माझा आहे, पाळीला जुन्या टोचण्याची चीर आहे त्यावरून ओळखला. एक शेखावतजींचा असावा. कुठल्याच कानावर नाव नाही, चेहराही नाही, पण बघितलं की माणूस कळतो... ते मी उचलले नाहीत. जिथं होते तिथंच ठेवले आहेत.

गेल्या सोमवारी मालवीय नगरच्या त्या कोपऱ्यात जुनी पाटी काढून नवी बसवली. मी रजा काढून समोर उभी होते. मंत्री, अध्यक्ष, इंजिनिअर, सगळ्यांची नावं आहेत तशी आहेत. त्यांच्या खाली कोरलं आहे: 'मूर्तिकार: सुलोचना कुंभार'. प्रोफेसरांचं नाव त्यावर कुठंही नाही.